क्रेटा की ग्रँड विटारा? रोजच्या वापरासाठी दोन एसयूव्हींतून एक कशी निवडायची

दोन गाड्यांपैकी एक निवडताना बहुतेक घरांत क्रम उलटा लागतो. आधी मॉडेल मनात बसतं, मग रंग, मग सनरूफ. इंजिन कोणतं आणि गिअरबॉक्स कोणता हा प्रश्न शोरूममध्ये, सेल्समनच्या सोयीने सुटतो. म्हणजे "जी आठवड्यात मिळेल ती" घरी येते आणि सहा महिन्यांनी तक्रार सुरू होते: शहरात ॲव्हरेज देत नाही, घाटात ओरडते, नाहीतर डिकीत बॅगा मावत नाहीत. यातली एकही गोष्ट गाडीचा दोष नसते, निवड चुकलेली असते.

इथे ह्युंदाई क्रेटा आणि मारुती ग्रँड विटारा ही जोडी घेतली आहे, कारण एकाच घरात या दोघींची कोटेशनं टेबलावर असणं अगदी नेहमीचं. तुमच्या यादीत किआ सेल्टॉस किंवा टोयोटा हायरायडर असली तरी टप्पे हेच. हायरायडर तर ग्रँड विटाराचीच जुळी बहीण आहे.

टप्पा १ : आधी पंधरा दिवस आपलं चालवणं लिहून काढा

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वीचं हे काम. सध्याच्या गाडीत किंवा मोबाइलमध्ये रोज तीन गोष्टी नोंदवा: किती किलोमीटर, किती वेळ, गाडीत किती माणसं. पंधरा दिवसांनी किलोमीटरच्या बेरजेला तासांच्या बेरजेने भागा. हा तुमचा खरा सरासरी वेग.

ताशी २० किलोमीटरच्या आत आला, तर तुम्ही शुद्ध शहरी चालक आहात. हिंजवडी, ठाणे-घोडबंदर, अंधेरी ही मंडळी यात आली. ३५ च्या वर आला, तर तुमचं निम्मं चालवणं मोकळ्या रस्त्यावर होतं. आणखी दोन आकडे हवेत. वर्षाचे एकूण किलोमीटर, आणि एका फेरीचं सरासरी अंतर. दुसरा आकडा लोक हमखास विसरतात, आणि डिझेल घ्यायचं की नाही ते तोच ठरवतो.

*चूक होते ती इथे:* "आम्ही गावाला खूप जातो" असं सगळेच म्हणतात. गणपती, दिवाळी, मे महिना आणि एखादं लग्न मिळून कोकणाच्या चार फेऱ्या झाल्या, तरी मुंबईहून चिपळूणला जाऊन-येऊन सुमारे ५०० किलोमीटर धरले, तर वर्षाचे २,००० होतात. बाकीचे आठ-दहा हजार शाळा, ऑफिस आणि भाजीचे असतात. निर्णय त्यांच्यावर घ्या.

टप्पा २ : पार्किंगमध्ये टेप लावा

क्रेटा ४,३३० मिलिमीटर लांब, १,७९० रुंद आणि १,६३५ उंच. ग्रँड विटारा ४,३४५, १,७९५ आणि १,६४५. फरक बोटभर आहे. "कोणती मोठी" हा वाद इथेच संपवा. दोन्ही मावतात का, एवढंच बघायचं.

सोसायटीतली जागा २.३ बाय ४.५ मीटरची असेल, तर लांबीत जेमतेम १५-१७ सेंटिमीटर उरतात. रुंदीत अर्धा मीटर उरतो, तोही शेजारच्याची गाडी त्याच्या रेषेत असेल तर. माहितीपत्रकातली रुंदी आरसे सोडून असते, हेही लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी एकदम दार उघडणार नाही. लहान मुलाला सीटमध्ये बांधायचं असेल तर कोणत्या बाजूने बांधणार, ते आत्ताच ठरवा.

मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर खांबावर लावलेली पाटी वाचा. त्यावर कमाल उंची आणि वजन दिलेलं असतं. काही मजले फक्त सेडानच्या उंचीचे असतात आणि तिथे यातली एकही गाडी जाणार नाही. उंची मोजताना छतावरचा अँटेनाही धरा.

*तपासा:* तळघराच्या उतारावर, वळणाजवळ भिंतींमधलं अंतर मोजून ठेवा. टेस्ट ड्राइव्हला याचा उपयोग होणार आहे.

टप्पा ३ : मॉडेल बाजूला ठेवा, इंजिन-गिअरबॉक्सची जोडी ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. "क्रेटा" नावाची एक गाडी नसतेच. १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन (ताकद ११५ पीएस), तेवढ्याच क्षमतेचं टर्बो पेट्रोल (१६० पीएस) आणि डिझेल (११६ पीएस) या चालवायला तीन वेगळ्या गाड्या आहेत. ग्रँड विटारातही साधं माइल्ड हायब्रिड (१०३ पीएस) आणि स्ट्राँग हायब्रिड (एकत्रित ११६ पीएस) यांच्यात नावापलीकडे फारसं साम्य नाही. म्हणून तुलना नेहमी जोडीशी जोडीची करा.

*क्रेटा, साधं पेट्रोल आणि आयव्हीटी.* शहरात रांगत चालणाऱ्यांसाठी सर्वांत बिनघोर जोडी. ह्युंदाईचा आयव्हीटी म्हणजे पट्ट्याऐवजी साखळीवर चालणारा सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. झटके नाहीत, क्लच तापण्याची भानगड नाही. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, हा तिचा स्वभाव. ओव्हरटेक आधी ठरवून करावा लागतो.

*क्रेटा, टर्बो आणि सात गिअरचा डीसीटी.* एक्स्प्रेसवेवर मजा आहे. पण डीसीटी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यातले क्लच कोरडे असतात, आणि गाडी फूट-फूट पुढे सरकवत राहिलं की ते तापतात. चढावर उभं असताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं ही त्यांची सर्वांत मोठी शिक्षा. तिथे ब्रेक किंवा ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरायचा. सरासरी वेग २० च्या आत असेल तर ही जोडी यादीतून काढा.

*क्रेटा, डिझेल.* २५० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, त्यामुळे पाच माणसं आणि सामान घेऊन आंबोली किंवा खंबाटकी चढताना तिला काही वाटत नाही. मात्र बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी ताशी ६० च्या आसपास सलग पंधरा-वीस मिनिटं चालवणं लागतं. रोज चार किलोमीटरवर शाळा आणि परत, असा वापर असेल तर ही सफाई अर्धवट राहते, दिवा लागतो. तोही दुर्लक्षिला तर गाडी ताकद कमी करून घेते आणि वर्कशॉप दाखवते. टप्पा १ मधलं फेरीचं सरासरी अंतर दहा किलोमीटरच्या आत असेल आणि आठवड्यातून एकदाही मोकळा रस्ता मिळत नसेल, तर डिझेल नको.

*ग्रँड विटारा, माइल्ड हायब्रिड.* नावातल्या 'हायब्रिड'ला भुलू नका. ही फक्त विजेवर चालत नाही. सिग्नलला इंजिन बंद करून परत चालू करणं आणि सुटताना थोडा हातभार लावणं, इतकंच तिचं काम. शांतपणे चालवणाऱ्याला ॲव्हरेज चांगलं मिळतं. भरलेल्या गाडीत घाटात मात्र खालच्या गिअरवर राहावं लागतं. ऑलग्रिप, म्हणजे चारही चाकांना ताकद, याच इंजिनाबरोबर मिळते. पावसाळ्यात लाल मातीच्या चढाने घर गाठावं लागणाऱ्यांनी ती जरूर बघावी, बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

*ग्रँड विटारा, स्ट्राँग हायब्रिड आणि ई-सीव्हीटी.* इथे मोटर गाडीला एकटी ओढू शकते. जितकी जास्त कोंडी, तितका हिचा फायदा, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत जाते. वेगळं चार्जिंग करावं लागत नाही. बॅटरी संपत आली की तीन सिलिंडरचं इंजिन जागं होतं आणि त्याची घरघर आत ऐकू येते. लांबलचक घाटात तर ते चढेपर्यंत वरच्याच पट्टीत राहतं.

हिच्या दोन गोष्टी शोरूममध्ये क्वचितच सांगितल्या जातात. एक, मोठी बॅटरी डिकीच्या तळाशी असल्याने डिकी साध्या ग्रँड विटाराहून बरीच उथळ आहे. साध्या आवृत्तीची ३७३ लिटर, क्रेटाची ४३३, हायब्रिडची दोन्हींपेक्षा कमी. दोन, गाडी सुरू करायला हिलाही नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी लागते. गाडी महिना-दीड महिना नुसती उभी राहिली, तर ती उतरते. मुलं परदेशात, आईबाबा आठवड्यातून एकदा मंडईपुरतं काढणार, अशा घरात हायब्रिडचे जादाचे पैसे कधीच वसूल होत नाहीत.

*तपासा:* हा टप्पा संपताना हातात फक्त दोन नावं उरायला हवीत, इंजिन आणि गिअरबॉक्ससकट. उदाहरणार्थ, "क्रेटा पेट्रोल आयव्हीटी" आणि "ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड". तीन उरली असतील तर मागे जा.

टप्पा ४ : इंधनाचा हिशेब कागदावर

एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचा) आकडा, म्हणजे आयव्हीटीसाठी लिटरला १७.७ आणि स्ट्राँग हायब्रिडसाठी २७.९७ किलोमीटर, प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्रावर मिळतो. तो एकमेकांशी तुलनेला बरा, घरखर्चाला नाही. हिशेबासाठी कोंडीच्या शहरात आयव्हीटीला ११ आणि हायब्रिडला २० धरा. पेट्रोल १०५ रुपये.

वर्षाला १५,००० किलोमीटर शहरात :
- आयव्हीटी : १,३६४ लिटर, सुमारे १,४३,२०० रुपये
- हायब्रिड : ७५० लिटर, ७८,७५० रुपये
- बचत : वर्षाला सुमारे ६४,५०० रुपये

ऑन रोड किमतीतला फरक तीन लाख असेल तर तो भरून यायला साडेचार वर्षांहून थोडं जास्त लागतं. हेच गणित ८,००० किलोमीटरला केलं तर बचत सुमारे ३४,४०० वर येते आणि पावणेनऊ वर्षं लागतात. मोकळ्या हायवेवर तर आयव्हीटी १५ च्या आसपास जाते आणि हायब्रिड २० वरच राहते. मग १५,००० किलोमीटर चालवूनही वर्षाला २६,००० च वाचतात.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक ओळ वाढवा. जादाचे तीन लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,२३० रुपयांनी वाढतो. शहरातली महिन्याची बचत ५,३७० रुपये. म्हणजे पाच वर्षं खिशातून थोडे जास्तच जातील, फायदा त्यानंतर. ज्यांना चार वर्षांनी गाडी बदलायची सवय आहे, त्यांनी हे दोनदा वाचावं.

डिझेल यादीत असेल तर महाराष्ट्रातला रोड टॅक्स विसरू नका. १० ते २० लाखांच्या गटात पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४. एक्स-शोरूम १८ लाख असेल तर हा फरक ३६,००० रुपयांचा. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्सचा दर २० टक्क्यांवर जातो. जीएसटी वाचतो म्हणून कुणी सुचवलं, तर आधी सीएला विचारा.

*इशारा:* २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर, हायब्रिड धरून, सरसकट ४० टक्के जीएसटी आहे आणि वेगळा सेस गेला. त्याआधीच्या किमतींवर केलेल्या तुलना, मग त्या कितीही सविस्तर असोत, आता कामाच्या नाहीत.

टप्पा ५ : व्हेरिएंट

इथे फार वेळ घालवू नका. दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग आता सर्व व्हेरिएंटमध्ये मिळतात. त्यावर स्वतःच्या पैशांनी घ्याव्यात अशा गोष्टी थोड्याच: मागचा कॅमेरा, मागच्या रांगेला एसीचे झरोके, मागचा वायपर, उंची बदलता येणारी ड्रायव्हर सीट, टायरमधल्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा. क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटांतलं एडीएएस, म्हणजे ड्रायव्हरला सावध करणारी आणि मदत करणारी यंत्रणा, एक्स्प्रेसवेवर उपयोगी पडतं. शहरात अनेक जण त्याची पिपाणी बंदच करून ठेवतात.

पॅनोरॅमिक सनरूफ घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवा. ग्रँड विटारात छत मागे उतरतं, आणि सहा फुटी माणसाचे केस छताला लागतात.

टप्पा ६ : टेस्ट ड्राइव्ह, तुमच्या रस्त्यावर

शोरूमची ठरलेली फेरी दोन-तीन किलोमीटरची, सपाट रस्त्याची असते. ती नाकारा आणि गाडी घरी मागवा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळेला. एक सकाळी सातला आणि दुसरी संध्याकाळी सातला चालवली तर तुलना ट्रॅफिकची होते. किमान चार माणसं बसवा. एकट्याने चालवलेली गाडी सगळ्यांनाच आवडते.

निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघून टायरमधली हवा तपासा. डेमो गाडीत ती बऱ्याचदा कमी-जास्त असते आणि मग सस्पेन्शनबद्दलचं मत चुकतं.

पुढचा क्रम पाळा:

१. गाडी थंड असताना सुरू करा, एसी पूर्ण लावा आणि मागे बसलेल्यांना विचारा, गार हवा किती वेळात पोचली.

२. तळघराच्या उतारावर मध्येच थांबा. ब्रेक सोडून पुन्हा निघा. गाडी मागे घरंगळते का, की झटका देते? वळण एका दमात होतं का?

३. कोंडीत दहा मिनिटं. ब्रेक हळूच दाबून-सोडून रांगत न्या. हायब्रिडचा ब्रेक सुरुवातीला वेगळा लागतो, शेवटच्या फुटाला गाडी अचानक पकडते. त्याची सवय होईल का ते ठरवा.

४. एक ओळखीचा वाईट स्पीडब्रेकर आणि एक खड्ड्यांचा पट्टा. दोन्ही गाड्या त्याच वेगाने न्या. मागे बसलेल्याचं मत घ्या, चालवणाऱ्याचं नाही.

५. उड्डाणपूल किंवा टेकडीचा चढ. ताशी ४० वरून ८० पर्यंत जोर लावा आणि आवाज ऐका.

६. रिव्हर्स पार्किंग, आधी फक्त आरशांवर. कॅमेऱ्याची काच पावसात चिखलाने भरते.

*हायब्रिडसाठी खास:* डेमो गाडीची बॅटरी भरलेली असेल तर पहिली पाच मिनिटं ती नि:शब्द चालते आणि घरचे तिथेच हरखतात. बॅटरीच्या काड्या उतरून इंजिन सुरू होईपर्यंत खाली उतरू नका. पंचवीस मिनिटं तरी चालवा. रोज ऐकायचा आवाज तो आहे.

गाडी परत देण्यापूर्वी उभ्या गाडीत दोन कामं. आजी-आजोबांना मागे चढ-उतार करायला लावा; गुडघ्यांना त्रास झाला तर तो रोज होणार. आणि घरातल्या खऱ्या बॅगा डिकीत ठेवून बघा, बाबागाडी असेल तर तीही. लिटरच्या आकड्यावरून हे कळत नाही. हायब्रिडच्या डिकीत उभी बॅग मावत नाही, आडवीच टाकावी लागते, हे विमानतळावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

टप्पा ७ : कोटेशन ओळीओळीने

दोन्ही शोरूमकडून लेखी कोटेशन घ्या आणि फक्त शेवटचा आकडा वाचू नका.

- *एक्स-शोरूम आणि रोड टॅक्स.* वरच्या दराने स्वतः ताडून पाहा.
- *विमा.* नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झीरो डेप्रिसिएशनसकट (घसारा न कापता भरपाई) मागा, मग तुलना करा. हायब्रिडला त्या बॅटरीचं संरक्षण आहे का, हेही लेखी विचारा.
- *टीसीएस.* विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का. हा खर्च नाही, आयकर विवरणात परत मिळतो. पॅन क्रमांक बरोबर दिलाय ना, बघा.
- *हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज.* काढून टाकायला सांगा. बहुतेक वेळा एका वाक्यात निघतो.
- *ॲक्सेसरी पॅक.* मॅट आणि मडफ्लॅप सोडून बाकी बाहेर निम्म्यात मिळतं.
- *वाढीव वॉरंटी.* मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत नंतरही घेता येते, बुकिंगच्या दिवशी घाई नको. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी वेगळी असते.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंट, रंग, इंजिन-गिअरबॉक्स आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे चारही लिहून घ्या.

*इशारा:* डिसेंबरमधली मोठी सूट बहुधा त्या वर्षी बनलेल्या गाड्या संपवण्यासाठी असते. पासिंग जानेवारीत झालं तरी विकताना बनावटीचं वर्ष बघितलं जातं. चार वर्षांत विकणार असाल तर सूट त्या मानाने मोठी हवी.

टप्पा ८ : पासिंगपूर्वी गाडी तपासा

पाडवा आणि दसऱ्याला इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये रांग असते, पेढे वाटले जात असतात आणि दाराचा ओरखडा घरी गेल्यावर दिसतो. तपासणी तीन-चार दिवस आधी, पासिंग होण्यापूर्वी, दिवसाउजेडी करा. शोरूमच्या पिवळ्या दिव्यांखाली रंगातला फरक दिसत नाही.

- चॅसिस क्रमांक गाडीवर आणि कागदावर एकच आहे का? फॉर्म २२ वर (कंपनीने गाडीबरोबर दिलेलं प्रमाणपत्र) बनावटीचा महिना बघा.
- टायरवर चार अंकी कोड असतो. ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट.
- सगळ्या काचांवर एकच कंपनी आणि जवळपासची तारीख हवी. एखादी वेगळी असेल तर ती का बदलली, ते विचारा.
- किलोमीटर शंभराच्या आत.
- दार, बॉनेट आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? रबराखालचा रंग बघा.
- दोन्ही किल्ल्या, जॅक, पाना, धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण.
- एसी, सर्व काचा, सर्व दिवे, हॉर्न, कॅमेरा आणि मागच्या सीटचे पट्टे एकेक करून चालवून बघा.

दोष सापडला तर तोंडी "करून देतो" घेऊ नका. फोटो काढून सेल्समनला आणि मॅनेजरला ईमेल करा आणि पासिंग थांबवायला लेखी सांगा. एकदा नंबर पडला की ती तुमची गाडी झाली. मग बदलून मिळत नाही, दुरुस्तच होते.

गाडी घरी आली की पहिल्यांदा टाकी पूर्ण भरा, नोझल आपोआप बंद पडेल तिथेच थांबवा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, पुन्हा नोझल आपोआप थांबेपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. अशा तीन टाक्यांची सरासरी टप्पा ४ च्या कागदावर, धरलेल्या आकड्यासमोर लिहा. स्क्रीनवर दिसणारा आकडा बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो, त्यावर हिशेब बेतू नका.